वहीभर "आज त्रास दिला". मुलगा पुढे सरकला की नाही, हे कशावरून ओळखायचं?

डिचोलीची आई | २३ जून, रात्री ९.५०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढते आहे. लांब होईल, सांभाळून घ्या.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, तिसरीत. चार वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. गावातल्या मराठी प्राथमिक शाळेत जातो. आठवड्यातून एकदा विशेष शिक्षिका येतात आणि शनिवारी दुपारी त्याला म्हापशाला थेरपीला नेते. गेल्या वर्षी बाईंनी त्याच्यासाठी रोजची वही सुरू केली. काल ती पहिल्या पानापासून वाचून काढली. दीडशेच्या वर शेरे आहेत. "आज त्रास दिला." "आज बरा होता." "जागेवर बसत नाही." "आज खूपच." मार्चमध्ये एकदा "थोडी सुधारणा", आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुन्हा "त्रास दिला".

वही मिटली आणि लक्षात आलं की जूनमधला मुलगा आणि मार्चमधला मुलगा यांत फरक काय, हे मला या वहीवरून सांगता येत नाही. त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात वर्तनाचं उद्दिष्ट आहे: "वर्गात शांत बसेल व शिस्त पाळेल." वर्षअखेरीला "साध्य झाले का?" या रकान्यात "अंशतः" लिहिलं गेलं आणि यंदाच्या आराखड्यात तेच वाक्य पुन्हा आलं. अंशतः म्हणजे किती, असं मी बैठकीत विचारलं. कोणाला सांगता आलं नाही. मलाही आलं नसतं.

बाईंना दोष देत नाही. एकट्या दोन इयत्ता सांभाळतात, मुलावर त्यांचा जीव आहे. त्यांचं म्हणणं असं की अकराच्या सुमारास मासळीवालीच्या स्कूटरचा हॉर्न वाजतो, तेव्हा तो उठतो आणि मग आवरत नाही. मासेमारी बंदी असली तरी ती तिसऱ्या, खुबे अशा शिंपल्या घेऊन येतेच. आता शाळेच्या फाटकापाशी हॉर्न वाजवू नको, असं तिला सांगायचं चाललं आहे.

विचारायचं ते हे: वर्तनातली प्रगती मोजायची कशी? घरी आणि शाळेत, साध्या माणसांनी?

---

पाटीपेन्सिल | २३ जून, रात्री ११.२०

ताई, मी बार्देशात विशेष शिक्षिका आहे, १९ वर्षं झाली. तुमच्यासारख्या वह्या मीही लिहिल्या आहेत, पहिली चार-पाच वर्षं. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली अडचण वहीत नाही, उद्दिष्टात आहे. "शांत बसेल" हे मोजता येत नाही, कारण शांत म्हणजे काय यावर दोन माणसांचं एकमत होणार नाही. तो पाय हलवत गणित सोडवत असेल तर ते शांत की अशांत? उद्दिष्ट असं लिहावं की खिडकीतून पाहणाऱ्या अनोळखी माणसालाही "आत्ता झालं" किंवा "नाही झालं" हे सांगता यावं. "जागा सोडणे" घेऊ. माझी व्याख्या अशी: दोन्ही पावलं स्वतःच्या बाकापासून हातभर लांब गेली आणि कोणी जायला सांगितलेलं नव्हतं. बाकाशेजारी उभं राहून लिहिणं यात येत नाही. व्याख्या कागदावर लिहून काढा, नाहीतर बाई एक मोजतील आणि बदलीवर आलेल्या बाई दुसरंच.

मग काय मोजायचं ते वर्तनावर ठरतं. ज्याची सुरुवात आणि शेवट स्पष्ट दिसतो ते किती वेळा झालं, ते मोजा. जागा सोडणं तसं आहे. रडणं तसं नाही. दिवसातून दोनदाच रडला, पण एकदा ४० मिनिटं, तर "दोन" या आकड्यात काहीच आलं नाही. तिथे घड्याळ लावून किती वेळ चाललं ते लिहायचं. सांगितल्यापासून काम सुरू करेपर्यंतचा वेळ हा तिसरा प्रकार. आईबाप जेव्हा "ऐकतच नाही" म्हणतात तेव्हा बहुतेकदा हाच वेळ लांबलेला असतो.

वेळेचा हिशेब मात्र चुकवू नका. लेखनाच्या ३० मिनिटांत ६ वेळा उठला आणि शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेत १५ मिनिटांत ४ वेळा, तर शनिवार चांगला गेला असं वाटतं. प्रत्यक्षात दहा मिनिटांमागे पहिल्या दिवशी २ आणि शनिवारी जवळजवळ २.७ होतात.

काहीही बदलण्याआधी निदान पाच दिवस नुसतं मोजा. याला आम्ही बेसलाइन म्हणतो. मासळीवालीला आत्ताच काही सांगू नका. आणि प्रत्येक वेळी तीन छोट्या गोष्टी टिपा: लगेच आधी काय घडलं, त्याने काय केलं, लगेच नंतर मोठ्यांनी काय केलं. तिसरा रकाना सगळ्यांना जड जातो, कारण त्यात आपण स्वतः येतो.

---

सत्तरीची बाई | २४ जून, सकाळी ६.४०

मी वर्गशिक्षिका आहे, सत्तरी तालुक्यातल्या सरकारी प्राथमिक शाळेत, तीन इयत्ता एकत्र. पाटीपेन्सिलताईंचं पटतं, पण वर्गात उभं राहून पाहा. पहिलीच्या मुलाचं नाक पुसायचं, चौथीची बेरीज तपासायची, मधेच माध्यान्ह आहाराची गाडी येते तिची सही, आणि हे सगळं चालू असताना एका मुलाचे तीन रकाने भरायचे? ज्या दिवशी तो जास्त उठतो त्या दिवशी लिहायला वेळ कमी मिळतो. म्हणजे ज्या दिवसाची नोंद हवी नेमक्या त्या दिवशीच ती राहणार. आम्ही "आज त्रास दिला" लिहितो कारण पावणेएकला तेवढंच लिहायची ताकद उरलेली असते.

---

पाटीपेन्सिल | २४ जून, दुपारी ३.१५

बाई, तुम्ही लिहिलंत ते शब्दन् शब्द खरं आहे, आणि हा मुद्दा प्रशिक्षणात कोणी घेत नाही.

म्हणून दिवसभर मोजायचंच नाही. दोनच तुकडे घ्या. एक जिथे अडचण जास्त वाटते तो (डिचोलीच्या ताईंच्या मुलाचा लेखनाचा अर्धा तास), आणि एक जिथे तो सुखात असतो तो, तुलनेसाठी. टेबलावर दोन वाट्या ठेवा, एकीत चिंचोके. उठला की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. तास संपल्यावर मोजून एक आकडा लिहा. आधी-नंतरचे रकाने विशेष शिक्षिका येतात त्या दिवशी त्यांनी भरावेत, किंवा आईने एक-दोन दिवस मागच्या बाकावर बसून. चिंचोके ही माझ्या पहिल्या शाळेतल्या शिपाईमावशींची युक्ती. अजून तीच वापरते.

एखाद्या दिवशी दोघांनी वेगवेगळं मोजा. एकीचे ८ आले आणि दुसरीचे १०, तर लहान आकडा भागिले मोठा, म्हणजे ८० टक्के जुळणी. त्याच्या खाली आली तर मुलाकडे नंतर बघू, आधी व्याख्या नीट करू.

---

खांडेपार | २४ जून, रात्री १०.०५

माझं मत वेगळं आहे आणि ते थोडं कडू लागेल.

माझी मुलगी १४ वर्षांची, बौद्धिक अक्षमता आहे, विशेष शाळेत जाते. तिच्या आधीच्या शाळेत नोंदी अगदी चोख होत्या. आकडे, टक्के, रंगीत तक्ते. तीन वर्षं "नजरेला नजर देऊन बोलेल" हे एकच उद्दिष्ट मोजलं. ३० टक्के, ४५ टक्के, ६० टक्के. पोर घरी येऊन आरशासमोर उभी राहायची आणि डोळे ताणून स्वतःशी "लुक, लुक" म्हणायची. ते पाहिलं तेव्हा मी बाहेर पडवीत जाऊन बसलो. आलेख वर जात होता आणि माझी मुलगी खाणाखुणांनी सांगायची तेसुद्धा बंद झाली होती.

मोजल्याने मोजलेलीच गोष्ट महत्त्वाची होऊन बसते. चिंचोके टाकण्याआधी हे उद्दिष्ट कोणासाठी आहे ते कोणी विचारतं का?

---

निळी छत्री | २५ जून, पहाटे १.३०

खांडेपारदादा, तुमच्या मुलीचं वाचून झोप येईना म्हणून लिहिते. मी स्वतः ऑटिस्टिक आहे. २७ वर्षांची, पणजीत नोकरी करते. निदान उशिरा झालं, पण शाळेतले शेरे तेच होते.

समोरच्याच्या डोळ्यांत पाहताना मला त्याचं बोलणं ऐकू येईनासं होतं. आवाज येतो, अर्थ येत नाही. खाली पाहिलं की सगळं समजतं. मला कोणी ६० टक्के नजर द्यायला लावली असती तर ६० टक्के वेळ मी काही शिकले नसते.

हात हलवणं, पुढेमागे डुलणं, एकच शब्द पुटपुटणं यांतून कोणाला इजा होत नसेल तर ते उद्दिष्टांच्या यादीत कृपा करून घालू नका. त्याने मला तोल मिळतो. मोजायचंच असेल तर हे मोजा: मुलाने "नको" सांगितलं किती वेळा, आणि त्यातलं ऐकून घेतलं गेलं किती वेळा. माझ्या शाळेत दुसरा आकडा जवळजवळ शून्य होता. म्हणून मी सांगायचं सोडलं आणि बाकाखाली जाऊन बसायला लागले. वहीत "बाकाखाली बसते" एवढंच आलं.

---

न्यूजर्सीकर | २५ जून, सकाळी ८.१०

मूळ फोंड्याची, गेली अकरा वर्षं अमेरिकेत. मुलाचा आराखडा इथल्या कायद्याने बनतो, म्हणून इथली रीत सांगते. तशीच्या तशी तिकडे आणावी असं अजिबात म्हणणं नाही.

इथला मूळ कायदा १९७५ चा, आत्ताचं रूप २००४ च्या दुरुस्तीनंतरचं. आराखड्यात वर्षाची मोजता येण्याजोगी उद्दिष्टं, ती कशी मोजणार आणि पालकांना प्रगती केव्हा कळवणार, हे लिहावंच लागतं. वर्तनामुळे मुलाला वर्गाबाहेर काढण्याची वेळ आली तर ठरावीक परिस्थितीत त्या वर्तनामागचं कारण शोधणं शाळेला बंधनकारक आहे. हा भाग मोलाचा वाटतो. बैठकीत "अंशतः" चालत नाही.

पण कागद खूप झालेत, हेही खरं. एका वर्षी मुलाच्या मदतनीसबाईंनी रोज दोन पानं भरली. वर्षाच्या शेवटी मी विचारलं, या नोंदी पाहून तुम्ही मध्ये काय बदललंत? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की बसून पाहायला कोणाला वेळच झाला नाही.

---

संख्यारेषा | २६ जून, दुपारी १.००

मी चिकित्सा-मानसशास्त्राचं काम करते. दोन-तीन गोष्टींची भर घालते.

आपल्याकडे वर्तन मोजायची देशी साधनं आहेत. सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने १९९२ मध्ये आणलेली बेसिक-एमआर ही मापनश्रेणी अजून अनेक विशेष शाळांत वापरतात. तिच्या दुसऱ्या भागात समस्यावर्तनाच्या ७५ बाबी आहेत आणि प्रत्येकीला ०, १ किंवा २ गुण: कधीच नाही, कधीकधी, वारंवार. मुलाचं एकंदर चित्र पाहायला आणि कुठून सुरुवात करायची ते ठरवायला ती चांगली. पण रोज १० वेळा मारणारा मुलगा ४ वेळांवर आला तरी त्या बाबीला २ च गुण पडतात. घरातल्यांच्या दृष्टीने केवढा फरक, आणि कागदावर काहीच नाही. म्हणून वर्षातून एकदोनदा ती श्रेणी आणि आठवड्याला चिंचोके, असं दोन्ही लागतं.

दुसरं, नोंद ठेवणं ही शाळेची मेहरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ मध्ये प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर येते. बैठकीत हे शांतपणे सांगता येतं. आणि वर्तन "सुधारायला" कोणी छडी किंवा अपमान वापरत असेल तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने त्याला बंदी आहे. त्याचीही नोंद ठेवा.

तिसरं जरा दूरचं वाटेल, पण आपल्या गोव्यातलं आहे. ऑटिस्टिक मुलांच्या पालकांना घरी मार्गदर्शन करण्याचा एक प्रयोग गोवा आणि रावळपिंडी या दोन ठिकाणी झाला आणि २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं होती. तज्ज्ञ डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते पालक आणि मुलाचं एकत्र खेळणं चित्रित करायचे आणि पालकांसोबत बसून ते पाहायचे. मोजलं काय? मूल स्वतःहून किती संवाद सुरू करतं हे, आणि त्याच्याइतकंच, पालक मुलाच्या कलाने किती प्रतिसाद देतात हे. दोन्ही वाढलं. निळी छत्रीताईंनी मागितलेला दुसरा आकडा तो हाच. मोठ्यांचं वर्तन मोजल्याशिवाय मुलाचा आलेख वाचता येत नाही, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

---

डिचोलीची आई | ६ जुलै, रात्री ९.१५

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंना धागा वाचून दाखवला. सत्तरीच्या बाईंचा प्रतिसाद ऐकताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या लगेच तयार झाल्या.

पाच दिवस मोजलं. लेखनाच्या अर्ध्या तासात जागा सोडणं: सोमवार ५, मंगळवार ६, बुधवार ७, गुरुवार ५, शुक्रवार ६. सकाळच्या गोष्टी-गाण्यांच्या अर्ध्या तासात: १, ०, १, ०, ०.

मासळीवाली सोमवारी येत नाही! आमच्या गावात सोमवारी बहुतेक घरांत मासळी शिजत नाही, म्हणून ती या बाजूला फिरकतच नाही. तरी सोमवारी ५ वेळा. बाई म्हणाल्या, वर्षभर मी त्या बिचारीच्या हॉर्नला बोल लावला.

मी दोन दिवस मागे बसून आधी-नंतरचं लिहिलं. त्या दोन दिवसांतल्या १३ वेळांपैकी १० वेळा लगेच आधीचं वाक्य एकच: "फळ्यावरचं उतरवून घ्या." आणि लगेच नंतर काय होतं? तो खिडकीपाशी जातो, बाई त्याला दोनदा हाक मारतात, मग इतरांकडे वळतात. तो परत येतो तोवर फळा पुसलेला असतो.

हे शेवटचं लिहिताना माझा हात थांबला. घरीही तेच होतं. गृहपाठ काढला की तो झोपाळ्यावर, आणि दहा मिनिटांनी मीच त्याचं उरलेलं लिहून टाकते.

---

पाटीपेन्सिल | ६ जुलै, रात्री १०.४०

ताई, पाच दिवसांत तुम्ही जे शोधलंत ते दीडशे शेऱ्यांत नव्हतं.

तो उतरवून घेण्यापासून सुटका करून घेतो आहे आणि ती त्याला मिळते आहे. फळा, वही, पुन्हा फळा, ओळ सापडत नाही. हे बऱ्याच मुलांना फार अवघड जातं. आधी डोळे तपासून घ्या, हे नेहमी राहून जातं. मग:

मजकूर त्याच्या बाकावर, वहीशेजारी कागदावर द्या. आठ ओळींऐवजी चार. आणि सुटका हवी असेल तर ती मागायची सोय द्या, एक कार्ड. कार्ड दाखवलं की दोन मिनिटं खिडकीपाशी, मग परत आणि तीच ओळ पुढे. सुरुवातीला कार्डाला "आत्ता नाही" म्हणायचंच नाही. एकदाही नाही.

उद्दिष्ट असं लिहा: "लेखनाच्या तासात जागा सोडायची असेल तेव्हा दहापैकी आठ वेळा आधी कार्ड दाखवेल किंवा तोंडाने मागेल, सलग तीन आठवडे." पाहा, यात "शांत" कुठेच नाही. खिडकीपाशी जायला त्याला मुभा आहे.

मोजायच्या गोष्टी तीन: कार्डाशिवाय उठणं, कार्ड दाखवून उठणं, आणि बाईंनी कार्ड लगेच मानलं का.

---

सत्तरीची बाई | ७ जुलै, सकाळी ६.३०

एक सुचवते. कार्डावर काय लिहिणार? आमच्याकडे एक मुलगी होती. घरी कोकणी, शाळेत मराठी, थेरपीत इंग्रजी. तिला "थांब" म्हटलं तर ती चालत राहायची, थेरपीतलं "वेट" तर तिला धमकीसारखंच वाटायचं. एकदा तिची आजी शाळेत आली आणि कोकणीत म्हणाली, "राव गो!" पोरगी जागच्या जागी उभी राहिली. त्यानंतर मी नोंदीत एक रकाना वाढवला, सूचना कोणत्या भाषेत दिली त्याचा. निम्मं "ऐकत नाही" त्या रकान्यात विरघळलं.

---

डिचोलीची आई | ७ जुलै, सकाळी ७.०५

आमच्याकडेही अगदी हेच आहे! घरी आम्ही कोकणी-मराठी मिसळूनच बोलतो. कार्डावर खिडकीचं चित्र आणि खाली "राव".

---

डिचोलीची आई | १ ऑगस्ट, रात्री ८.५०

मदत हवी आहे. पहिल्या आठवड्यात कार्डाशिवाय उठणं २७, कार्डाने ९. दुसऱ्यात कार्डाशिवाय १८, कार्डाने ३१. या आठवड्यात एकाच दिवशी अर्ध्या तासात चौदा वेळा कार्ड! दर दोन मिनिटांनी. मुख्याध्यापक दारातून पाहून गेले आणि म्हणाले, आधी सहा वेळा उठायचा, आता चौदा वेळा, याला प्रगती म्हणायचं? बाई खचल्या आहेत. इतर मुलंही "आम्हालाही कार्ड" म्हणतात. बंद करावं का?

---

पाटीपेन्सिल | १ ऑगस्ट, रात्री ९.३०

बंद करू नका. आत्ता बंद केलंत तर तो एवढंच शिकेल की मागून मिळत नाही.

नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याला असं काही सापडलं आहे, जे दाखवलं की मोठी माणसं नक्की ऐकतात. तो ते पुन्हा पुन्हा तपासून पाहतो आहे. मुख्याध्यापकांना दोन रेघा वेगळ्या रंगांत काढून दाखवा. न सांगता उठण्याची रेघ खाली येते आहे. सांगून उठण्याची वर जाते आहे, आणि आत्ता ती वर जायलाच हवी.

आणखी दोन आठवडे कार्ड शंभर टक्के माना. मग हळूहळू: कार्ड दाखवलं की "हो, हा शब्द झाला की". मग "ही ओळ झाली की". आकडा आपोआप उतरेल. माझा नियम असा, की रोजच्या सलग चार नोंदी अपेक्षेच्या रेघेपेक्षा (सुरुवातीच्या आकड्यापासून उद्दिष्टापर्यंत ओढलेल्या) वाईट आल्या तर योजना बदलायची. एका वाईट दिवसावर कधीच बदलायची नाही. परवा पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की माझ्या वर्गातली चार मुलं कान धरून बसली होती. तो दिवस मी आलेखात ठेवते आणि शेजारी "पाऊस" लिहिते.

इतर मुलांनाही कार्ड द्या की. खूप जण आठवड्यात विसरतात, ज्यांना गरज आहे ते वापरत राहतात.

---

निळी छत्री | १ ऑगस्ट, रात्री १०.१५

चौदा वेळा विचारलं आणि चौदा वेळा "हो" मिळालं. ताई, बाईंना माझ्याकडून नमस्कार सांगा.

---

खांडेपार | ३ ऑगस्ट, रात्री ९.००

आज मुलीच्या शाळेत जाऊन आलो. आधीच्या शाळेतून चालत आलेलं नजरेचं उद्दिष्ट काढून टाकायला सांगितलं, निळी छत्रीताईंचा प्रतिसाद छापून नेला होता. त्या जागी "मदत हवी असेल तेव्हा हाताला स्पर्श करून किंवा शब्दाने कळवेल" असं घेतलं. नोंद ठेवायला मी तयार झालो आहे. अट एकच घातली, समोरच्याने किती वेळा ओळखलं तेही लिहायचं.

एक विनंती सगळ्यांना. आमच्या पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीतरी एका मुलाचा वर्तनाचा तक्ता नावासकट टाकला होता, कौतुक म्हणून. त्या मुलाला वाचता येतं. त्याची आई सांगत होती, तो दोन दिवस बोलला नाही. आलेख हा मुलाचा असतो. पाठवण्याआधी त्याला विचारा.

---

डिचोलीची आई | ५ ऑक्टोबर, रात्री ९.४०

उशिराने लिहिते. मध्ये चवथ आली.

चवथीआधीच्या आठवड्यात कार्डाशिवाय उठणं ५ वर आलं होतं. मग सुट्टी, घर माणसांनी भरलेलं, घुमटवादन, आरत्या, फटाके, रात्री उशिरापर्यंत जागरण. गणपतीवर फळं टांगलेल्या माटोळीखाली मात्र तो तासन् तास बसला, एकेक फळ मोजत. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात कार्डाशिवाय १३! पूर्वी असतं तर "पुन्हा पहिल्यासारखं झालं" म्हणून मी रडले असते. या वेळी आलेखावर शेजारी "चवथ" लिहिलं आणि काहीही न बदलता थांबलो.

शेवटचे तीन आठवडे: एकूण २२ वेळा उठला, त्यात १७ कार्डाने, म्हणजे ७७ टक्के. मग १९ पैकी १५, ७९ टक्के. या आठवड्यात १९ पैकी १६, ८४ टक्के. म्हणजे ८० ची रेघ एकदाच ओलांडली आहे. सहामाही बैठकीत "साध्य झाले का?" विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "अजून नाही, दोन आठवडे राहिलेत." मुख्याध्यापकांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि बाकीच्या दोन मुलांचेही असेच लिहा म्हणाले.

डोळे तपासले. चष्मा लागला. लांबचं त्याला धूसर दिसत होतं, कोण जाणे किती दिवसांपासून. हे लिहिताना अजून गलबलतं.

चार ओळी तो आता पुऱ्या लिहितो. दोनदा कार्ड न उचलता तोंडाने "राव" म्हणाला. घरी मी त्याचं उरलेलं लिहून देणं थांबवलं आहे. माझीही नोंद ठेवते. तीन आठवड्यांत दोनदा मोडलं.

आता पुढे काय? कार्ड काढून घ्यायचं का? आणि पुढच्या वर्षी बाई बदलल्या तर?

---

पाटीपेन्सिल | ५ ऑक्टोबर, रात्री १०.३०

चष्म्याचं वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले.

कार्ड काढू नका. त्याच्या कंपासपेटीत राहू द्या, त्याला नको झालं की तो स्वतः सोडेल. चष्म्यामुळे फळा दिसायला लागला असेल, तर कागद शेजारी ठेवण्याची गरज कमी होईल. पण दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. आधी कागदावर चार ओळी आणि फळ्यावरची एक, असं करून पाहा.

पुढच्या बाईंसाठी एकच पान करा: व्याख्या, त्याला चालणारे शब्द, दोन रेघांचा आलेख, आणि शेजारच्या त्या टिपा, पाऊस, चवथ, चष्मा. दीडशे शेऱ्यांची वही देऊ नका.

तीन आठवडे सलग ८० च्या वर झाले की रोज मोजणं थांबवा, आठवड्यातून एक दिवस पुरे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र पुन्हा तीन दिवस मोजा. शाळा उघडल्याचा पहिला दिवस त्यात धरू नका.